मे महिन्यात पहिली ट्रायथलॉन कशीबशी पूर्ण केली. पुढच्या वेळी उन्हाशी कसं जमवायचं? सल्ला हवा

मुलुंड_फास्ट:

नमस्कार मंडळी. वय ३९, राहते मुलुंडला, नोकरी फोर्टला. धावते चार वर्षं, सायकल लॉकडाउनपासून, पोहायला मात्र गेल्या वर्षीच शिकले. दोन आठवड्यांपूर्वी मुंबईबाहेर एका स्पर्धेत पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन केली: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. तिन्ही अंतरं सरावात नीट होत होती, त्यामुळे घाबरले नव्हते.

सहाची स्पर्धा सव्वासातला सुटली. पोहणं ठीक झालं, सायकल तर छानच झाली. धावायला उतरले तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि पहिल्या पाचशे मीटरांतच पाय माझे राहिले नाहीत. दुसऱ्या किलोमीटरच्या टेबलावर पाणी संपलेलं. तिसऱ्या किलोमीटरला त्या रणरणत्या उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजावी तसा. बिब (छातीवरचा नंबराचा कागद) उलटा झाला होता म्हणून एका स्वयंसेवक मुलाने नंबर विचारला, तर मी त्याला ऑफिसच्या फोनचं एक्स्टेन्शन सांगितलं. तो पुन्हा विचारत होता आणि मी पुन्हा तेच सांगत होते.

पुढच्या वळणावर ओट्यावर बसलेल्या एका आजींनी मला हाताला धरून सावलीत बसवलं आणि अख्खी कळशी डोक्यावर ओतली. मग दुसरी. दहा मिनिटांनी डोकं ठिकाणावर आलं. उरलेलं अंतर चालत संपवलं. एकूण २ तास ३१ मिनिटं.

घरी आता सगळे "पुरे झालं" म्हणतात. मला पुन्हा करायची आहे, मनापासून. ऑक्टोबरमध्ये एक आहे, नोंदणी अजून केलेली नाही. उकाड्याची तयारी कशी करायची, काय प्यायचं आणि सराव कुठे करायचा, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं. दुकानात एकाने वेटसूट (पाण्यात अंग ऊबदार ठेवणारा रबरी पोशाख) घ्या म्हणून सांगितलं, तो लागतो का?

चेनलूब:

ताई, आधी अभिनंदन. पाणी संपलेल्या टेबलानंतरही तुम्ही रेषेपर्यंत पोचलात.

सायकल छान झाली म्हणालात ना, घोळ तिथेच झाला असणार. तासाला २२-२५ च्या वेगाने जाताना वारा सतत अंगावरचा घाम वाळवतो, त्यामुळे आत किती तापलोय हे कळतच नाही. सायकल स्टँडला लावली की वारा बंद, आणि मेहनत मात्र वाढलेली. आपल्याकडच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही, वाळलेल्या घामाने होतं. म्हणून पुण्याच्या ३८ पेक्षा मुंबईचं ३४ जास्त छळतं.

यावर मला लागू पडलेली गोष्ट एकच: घड्याळातला वेग बघायचा नाही. सायकलचे शेवटचे ३-४ किलोमीटर हलक्या गिअरवर, आणि धावण्याचा पहिला किलोमीटर इतका सावकाश की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. थंडीतल्या वेगापेक्षा किलोमीटरला मिनिट-दीड मिनिट जास्त लागलं तर लागू द्या.

आणि हे फक्त नवख्यांचं होतं असं मनात आणू नका. २०१६ मध्ये मेक्सिकोत कोझुमेलला ट्रायथलॉनच्या जागतिक मालिकेची शेवटची शर्यत होती. जॉनी ब्राउनली पहिला होता, शेवटचे काहीशे मीटर राहिले होते आणि उन्हाने तो रस्त्यावर झोकांड्या खायला लागला. मागून आलेला त्याचा भाऊ ॲलिस्टर, जो ऑलिंपिक विजेता, त्याने स्वतःची शर्यत सोडून त्याला खांद्याचा आधार दिला आणि रेषेपलीकडे ढकललं. तोवर तिसरा खेळाडू दोघांना मागे टाकून जिंकून गेला.

सायकलसाठी तुम्हाला बोरिवलीचं नॅशनल पार्क जमेल, पहाटे कान्हेरीचा चढ आणि झाडी दोन्ही मिळतात. सपाट हवं तर नवी मुंबईचा पाम बीच रोड, रविवारी उजाडताना. सी लिंक, फ्रीवे आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे, तिकडे जाऊ नका.

डॉक्टर_शीव:

मी डॉक्टर आहे आणि स्वतः ऑलिंपिक अंतराची (स्प्रिंटच्या दुप्पट) ट्रायथलॉन करतो. तुमच्या लिखाणातली दोन वाक्यं वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

उन्हात अंगावर काटा येणं, थंडी वाजणं म्हणजे शरीराचा शेवटचा निरोप. तिथेच थांबायचं. आणि नंबर विचारल्यावर एक्स्टेन्शन सांगणं हा त्याच्याही पुढचा टप्पा आहे. मेहनतीत शरीराच्या आतलं तापमान ४० च्या वर गेलं आणि माणूस भलतंच बोलायला लागला, त्याचा तोल जायला लागला, की तो उष्माघातच समजायचा. तुमचं तापमान कोणी मोजलेलं नाही, त्यामुळे नाव ठामपणे देत नाही, पण तुम्ही त्या उंबरठ्यावर होतात. "घाम बंद झाला तरच उष्माघात" हा समज धावणाऱ्यांच्या बाबतीत घातक आहे. धावपटू घामाने निथळत असतानाही त्याला उष्माघात होतो.

त्या आजींनी जे केलं तोच उपचार. आधी थंड करायचं, मग हलवायचं. सावली, भरपूर गार पाणी, बर्फ, वारा, आणि त्याच वेळी १०८ ला फोन. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. तुम्ही मात्र दहा मिनिटांनी उठून चालत शर्यत संपवलीत, ते पुन्हा करू नका. बोलणं भरकटलं की त्या दिवशीची शर्यत संपली. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात एका सरकारी कार्यक्रमाला नुसती बसलेली माणसं उन्हाने गेली. आपण तर त्याच हवेत धावतो.

सवयीबद्दल: शरीराला उकाड्याची सवय १० ते १४ दिवसांत लागते. रोज तासभर, हलक्या जोराने, उकाड्यात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. पण सराव सोडला की दोन-तीन आठवड्यांत ही सवय ओसरायला लागते. पहाटे पाचला धावून ती पुरेशी लागत नाही, आणि दिवसभर एसीत बसूनही नाही. आठवड्यातून दोनदा मुद्दाम आठ-साडेआठला निघा, सोबतीला कोणीतरी घेऊन, सावकाश. स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे हे रोज करा, मात्र शेवटचे दोन दिवस विश्रांती. ताप, जुलाब, रात्रीचं जागरण असेल तर त्या दिवशी घरी. आणि स्पर्धेआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका, पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर तिचा भार येतो.

ऑक्टोबरआधी एकदा तपासणी करून घ्या, ईसीजीसह. त्यानंतरच नोंदणी.

पाणकोंबडी:

वेटसूट अजिबात नको. मेमध्ये आपला समुद्र २८ ते ३० अंशांवर असतो. हौशी गटात १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्याला पाणी २२ च्या वर असेल तर जागतिक नियमांप्रमाणे तो घालताच येत नाही. तो घालून तुम्ही पाण्यातच शिजाल.

कोमट पाण्यात पोहतानाही घाम जातो, कळत नाही इतकंच. म्हणून पोहून बाहेर आलात की सायकलवर बसल्या बसल्या पहिला घोट.

सराव तलावातच करा. दादरला शिवाजी पार्कचा महापालिकेचा तलाव ५० मीटरचा आहे. जुहूच्या समुद्रात एकटीने उतरू नका, भरती-ओहोटीचा ओढ वाईट असतो आणि पावसाळ्यात जेलीफिश येतात. मोकळ्या पाण्याची भीती घालवायची तर डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर पोहण्याची स्पर्धा होते, तिथे होड्या आणि माणसं सोबत असतात.

चाळ_क्रमांक_चार:

ऑक्टोबर नको असं माझं मत. पाऊस गेला की इथली हवा मेपेक्षा वाईट होते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत ठेवलीय ती काय उगाच? थंडीतली एक चांगली करा, मग उन्हाकडे वळा.

पिण्याबद्दल माझा अनुभव. नुसतं पाणी पीत राहिलो आणि पोटऱ्यांत गोळे आले. भरमसाट साधं पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम खाली जातं, तेही धोक्याचं. आता घरून लिंबू सरबत नेतो: एक लिटर पाणी, अर्धा चहाचा चमचा मीठ, तीन मोठे चमचे साखर, दोन लिंबं. सायकलवर दर दहा मिनिटांनी दोन घोट. दुसरी बाटली साध्या पाण्याची, ती डोक्यावर आणि मानेवर ओतायला. बीपी असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा.

किती प्यायचं ते वजनकाट्यावर ठरवा. तासभर धावायच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर घाम. मध्ये काही प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. माझं सव्वा किलो उतरतं, बायकोचं सहाशे ग्रॅम. एकाचा हिशेब दुसऱ्याला चालत नाही.

चेनलूब:

ऑक्टोबरबद्दल मी थोडा वेगळा आहे. जून ते सप्टेंबर चार महिने हातात आहेत, तयारी होऊ शकते. पण आयोजकांना आधी तीन गोष्टी विचारा: सुरुवात किती वाजता, पाण्याचं टेबल दर किती अंतरावर, बर्फ आणि रुग्णवाहिका आहे का. उत्तरं गोलमोल आली तर पैसे भरू नका. टोकियो ऑलिंपिकची ट्रायथलॉनसुद्धा उन्हामुळे सकाळी साडेसहाला ठेवली होती.

मुलुंड_फास्ट:

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

काल संध्याकाळी वजनाचा प्रयोग केला. मुलुंड स्टेशनपासून घरापर्यंत फेरा मारून ५० मिनिटं, ९०० ग्रॅम उतरले. स्पर्धेत सायकलवर मी फक्त अर्धी बाटली प्यायले होते, तेही साधं पाणी. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ होती, ती मी धूळ समजून झटकली होती.

तपासणीची वेळ गुरुवारची मिळालीय. ती झाल्यावर ऑक्टोबरचं ठरवते. आयोजकांना ते तीन प्रश्न आजच मेल केलेत. आणि पुढच्या महिन्यात त्या आजींच्या गावी जाऊन येणार आहे, नाव विचारायचंही राहून गेलं.

चेनलूब, रविवारी नॅशनल पार्कला येणार असाल तर सांगा. साडेपाचला गेटवर असेन, बर्फाचा डबा घेऊन.

चेनलूब:

येतो. डब्यात एक जुना रुमाल पण टाका, बर्फ त्यात बांधून मानेवर ठेवायचा. कान्हेरीपर्यंत सायकल आणि परत आल्या आल्या १५ मिनिटं धावणं, गप्पा मारत.