पावसाळ्यात खतटाक्यांना दुर्गंधी : सोसायटीतला प्रकल्प बंद करावा का?

नाइलाजाने_सचिव (प्रश्न)

नमस्कार. आमची ६४ सदनिकांची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात आहे. गेल्या दिवाळीनंतर आम्ही मागच्या कुंपणालगत जाळीदार विटांच्या तीन टाक्या बांधल्या आणि ओला कचरा आवारातच जिरवायला सुरुवात केली. रोज साधारण ३० किलो ओला कचरा निघतो. उन्हाळ्यापर्यंत काम इतके सुरळीत चालले होते की पहिले खत सभासदांनी कुंड्यांसाठी अक्षरशः भांडून नेले. जून संपता संपता मात्र टाक्यांतून आंबूस, नाक चुरचुरणारा वास येऊ लागला, तळातून झिरपणारे काळपट पाणी पार्किंगपर्यंत पोहोचले आणि आषाढात एके सकाळी तळमजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत जाडजूड करड्या अळ्या चढलेल्या सापडल्या. त्या दिवसापासून माझे जिन्यातून खाली उतरणे अवघड झाले आहे.

येत्या रविवारी विशेष सभा आहे. एका गटाचे म्हणणे असे की आपण मिळकतकर भरतो, तेव्हा सगळा कचरा पूर्वीप्रमाणे बाहेर द्यावा आणि टाक्या पाडून तिथे दुचाक्या लावाव्यात. दुसऱ्या गटाने ‘चोवीस तासांत खत’ देणाऱ्या यंत्राचे दरपत्रक आणले आहे. पावसाळ्यात खत होतच नाही, की आमचे काही चुकते आहे, एवढे अनुभवी मंडळींनी सांगावे. शिवाय सुका कचरा नेणाऱ्या ताईंचीही तक्रार आहे की आमच्याकडचा सुका माल हल्ली विकण्याजोगा राहिलेला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल का, हेही कळत नाही.

पाचोळा

सचिवसाहेब, आपल्या प्रश्नात एका शब्दाचा उल्लेख कुठेही नाही, आणि मला वाटते आपली अडचण नेमकी तिथेच आहे. तो शब्द म्हणजे पालापाचोळा. आमच्या सोसायटीत या टाक्या सात वर्षे चालू आहेत आणि पहिल्या पावसाळ्यात आमचीही हीच अवस्था झाली होती, म्हणून खात्रीने लिहितो.

स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र भरपूर असते, कर्ब त्या मानाने कमी. कुजवणाऱ्या जीवाणूंना साधारण एक भाग नत्रामागे पंचवीस ते तीस भाग कर्ब लागतो, आणि तो मिळण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे वाळलेली पाने. पाने दुसरेही एक काम करतात : ओल्या कचऱ्याचा लगदा होऊ न देता त्यात हवेला वाट ठेवतात. वरणभाताचा गोळा, भिजलेल्या पोळ्या आणि आंब्याच्या साली एकमेकांवर बसल्या की आतली हवा संपते, मग हवेशिवाय जगणारे जीवाणू कामाला लागतात आणि आपण म्हणता तो आंबूस वास सुटतो. नाक चुरचुरते आहे याचा अर्थ नत्राचा अमोनिया होऊन उडतो आहे, म्हणजे पुन्हा कर्बाचीच टंचाई.

आता आठवून पाहा. दिवाळी ते होळी हा पानगळीचा काळ. देशी बदाम, पिंपळ, पर्जन्यवृक्ष सगळे त्याच काळात पाने टाकतात. तेव्हा झाडलेला पाला सहजच टाकीत पडत असणार आणि म्हणून प्रकल्प ‘आपोआप’ चालला. फाल्गुन-चैत्रात पाला अति झाला, तेव्हा तो पोत्यांत भरून बाहेर दिला असेल किंवा कोपऱ्यात पेटवून दिला असेल. (पेटवला असल्यास सभेत बोलू नका. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली असून साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड ठरवला आहे.) आषाढात पाला लागतो तेव्हा झाडे हिरवीगार असतात आणि आपल्या हाती काहीच नसते.

३० किलो कचऱ्याला चुरलेल्या पाल्याचे अर्धे ते पाऊण पोते रोज लागेल. जून ते सप्टेंबर १२० दिवस धरले तर ६० ते ९० पोती शिल्लक हवीत, आणि ती मार्चमध्येच भरून ठेवावी लागतात.

यंदा ती वेळ गेली. तेव्हा सध्यापुरता लाकडाच्या वखारीतला भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा आणा. प्लायवुडचा भुसा मात्र नको, त्यात डिंक आणि रसायने असतात. टाकीतला माल एकदा पूर्ण बाहेर काढून, भुसा मिसळून, दुसऱ्या टाकीत सैलसर भरा. मूठभर माल घट्ट दाबून पाहा : बोटांच्या फटीतून दोन-तीन थेंब आले तर ओल बरोबर आहे, धार लागली तर आणखी भुसा घाला. वर पत्रा असा टाका की पाऊस आत येणार नाही, पण बाजूच्या जाळीतून वारा खेळेल. पुष्कळजण पावसाच्या भीतीने चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात आणि टाकीचा गळाच दाबतात.

त्या करड्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या आहेत. त्या कचरा झपाट्याने खातात, चावत नाहीत, रोगही पसरवत नाहीत. माल फार ओला झाला किंवा कोषात जायची वेळ आली की त्या कोरड्या जागेच्या शोधात भिंत चढतात. आजींना हे पटवण्याच्या भानगडीत न पडता खिडकीला बारीक जाळी बसवून द्यावी, हे उत्तम.

हिशेबनीस

यंत्राबद्दल लिहितो, कारण आमच्या संकुलाने ते घेऊन पाहिले आहे. विक्रेत्याचे नाव घेत नाही, कारण तत्त्व सगळीकडे सारखेच. अशा बहुतेक यंत्रांत कचरा दळून, तापवून, वाळवला जातो. दुसऱ्या दिवशी हातात येते ती कॉफीच्या रंगाची कोरडी भुकटी, आणि ती पाहून समिती खूष होते. आम्ही ती थेट कुंड्यांत घातली आणि पाणी देताच दोन दिवसांत पांढरी बुरशी व तोच जुना वास परत आला, कारण कचरा कुजलेला नव्हताच, फक्त सुकला होता. ती भुकटी पुढे महिनाभर ढिगात मुरवावी लागते, म्हणजे टाकी काही सुटत नाही, आणि विजेचे बिल वर येते ते वेगळेच. जागा अगदीच नसलेल्या हॉटेलाला किंवा मंगल कार्यालयाला यंत्राचा उपयोग असेलही. आपल्याकडे तीन टाक्या बांधून तयार आहेत. सभेत दरपत्रकासोबत वर्षभराचा वीजखर्च आणि देखभालीचा करारही मांडायला सांगा, अर्धी चर्चा तिथेच संपेल.

दुसरे असे की २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या गृहसंकुलांकडून ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची अपेक्षा ठेवली होती. आपले आवार किती आहे ते आधी पाहा. मिळकतकरात खतप्रकल्पासाठी सवलत घेतली असेल, तर टाक्या पाडण्याचा ठराव करताना त्या सवलतीचाही हिशेब मांडावा लागेल.

वेचकांची_सोबतीण

मी काही वर्षे कचरावेचक महिलांबरोबर काम केले आहे, म्हणून प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळते. त्याला दुय्यम समजू नये अशी विनंती.

पुण्यात दारोदार कचरा गोळा करण्याची जी पद्धत आपण गृहीत धरतो, तिच्यामागे मोठा इतिहास आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना उभी राहिली, आणि त्यातूनच पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही वेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था कामाला लागली. घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि सुका माल विकून येणारे पैसे, या दोन पायांवर त्या ताईंचे घर चालते. सुका माल खराब झाला की एक पायच लुळा पडतो.

आपल्या दोन प्रश्नांचा संबंध आहे, आणि मला तो असा दिसतो. टाकीला वास यायला लागला की लोक संकोचाने किंवा रागाने ओल्या बादलीत टाकायचे ते सुक्यात सरकवू लागतात. आमटीचा डबा न विसळता दिला की शेजारचा पुठ्ठा भिजतो, आणि भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही. दुधाच्या पिशवीचेच घ्या. ती चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकची असते आणि हमखास विकली जाते, पण आतले दूध धुतलेले नसेल तर संध्याकाळपर्यंत गोणीभर मालाला वास लागतो. पिशवीचा कोपरा कापून वेगळा टाकण्याची सवय तर आपल्या सगळ्यांनाच आहे. नखाएवढा तो तुकडा कोणीही वेचू शकत नाही. तो ओल्या कचऱ्यात जातो आणि सहा महिन्यांनी खत चाळताना चाळणीवर जसाच्या तसा सापडतो. कोपरा पूर्ण न तोडता पिशवीलाच लटकता ठेवला की काम झाले.

सॅनिटरी पॅड आणि बाळांचे डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्यावेत. यात लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटायला हवी ती दुसऱ्या बाईला ते हाताने उघडून पाहावे लागते याची. रविवारच्या सभेला त्या ताईंना बोलवा आणि त्यांना खुर्ची द्या. कोणत्या मजल्यावरून काय येते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

गॅलरीतली_बाग

थोडा वेगळा सूर लावते. सामूहिक टाकी म्हणजे ‘सर्वांची, म्हणून कोणाचीच नाही’ असा अनुभव मला तीन सोसायट्यांत आला. मी घरीच माठात खत करते. तीन माठांची उतरंड, तळाला काथ्या, रोजच्या कचऱ्यावर मूठभर कोकोपीट आणि आठवड्यातून एकदा आंबट ताकाचा शिडकावा, बस. चार माणसांच्या घरात यातून दोन महिन्यांनी पाटीभर खत निघते. ज्यांची तयारी आहे अशा पंधरा-वीस घरांनी हे केले तरी टाक्यांवरचा भार जवळपास तिसऱ्या हिश्शाने उतरेल. मासळी आणि मटणाचे अवशेष मात्र माझ्या माठाला झेपत नाहीत, ते मान्य करते.

नाइलाजाने_सचिव

सर्वांचे मनापासून आभार. सभा झाली, म्हणून सविस्तर कळवतो.

पाचोळा यांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. मार्चमध्ये आम्ही ट्रॅक्टरला पैसे देऊन पाला बाहेर पाठवला होता. पावती माझ्याच फायलीत सापडली. सभेच्या आधी आम्ही पाचजणांनी एक टाकी उपसली. वरचा हातभर थर बरा होता, त्याखाली शेणाच्या लगद्यासारखा गच्च थर लागला आणि फावडे ओढताना चिखलातून पाय काढल्यासारखा आवाज येत होता. वखारीतून आणलेला आठ पोती भुसा मिसळून माल शेजारच्या टाकीत भरला. चौथ्या दिवशी सळई खुपसून बाहेर काढली तर हाताला चांगली गरम लागली, आणि वास पावसात भिजलेल्या मातीसारखा होता. उरलेल्या दोन टाक्या अजून उपसायच्या आहेत.

ताई सभेला आल्या. त्यांनी पिशवीतून नखाएवढे ते दुधाच्या पिशव्यांचे कोपरे काढून टेबलावर ठेवले आणि फार काही बोलल्या नाहीत. यंत्राचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. टाक्या पाडण्याचा ठराव मार्चपर्यंत पुढे ढकलला आहे. बारा घरांनी माठ घ्यायचे कबूल केले आहे, त्यांतली किती टिकतात ते पाहू. आजींच्या खिडकीला जाळी बसली.

आता एकच विचारायचे आहे : ९० पोती पाला तीन-चार महिने ठेवायचा कुठे? वॉचमनच्या खोलीमागे वीजमीटरचा बोळ रिकामा आहे.

पाचोळा

मीटरजवळ अजिबात नको, वाळल्या पाल्याला एक ठिणगी पुरते. कुंपणाच्या भिंतीलगत, इमारतीपासून लांब, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीचा माणूसभर उंचीचा पिंजरा करून घ्या आणि मेअखेर त्यावर ताडपत्री बांधा. पोत्यांत भरण्याआधी पाला पायाने तुडवून घेतला तर ९० पोत्यांचा पाला निम्म्या जागेत मावतो. आमच्याकडे हे काम सुटीतली मुले करतात, आणि त्यांना थांबवावे लागते.