पाच फलाटांचं मिलर्स डेल

नमस्कार काका,

रविवारी मुलांना घेऊन इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या बेकवेलहून मॉन्सल ट्रेलवर, म्हणजे बंद झालेल्या रेल्वेमार्गाच्या वाटेवर, सायकली चालवल्या आणि मिलर्स डेलच्या जुन्या स्थानकावर डबे उघडले. दरीत घरं थोडकीच, पण फलाट पाच! धाकटीने विचारलं, "आई, एवढी माणसं यायची कुठून?" मला सांगता येईना. तुम्ही आपल्या ईमेल-यादीवरच लिहा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

*

ताई,

पोरीने नेमकं विचारलं. ती माणसं तिथली नव्हतीच. रूळ १८४९ साली बेकवेलजवळच्या राउझ्लीपर्यंत आले आणि १८६३ मध्ये मिडलंड रेल्वे कंपनीने ते इथवर आणले. कोमट झऱ्यांचं बक्स्टन मात्र मुख्य मार्गाच्या बाजूला राहिलं. म्हणून लंडन-मँचेस्टर गाडीतून मिलर्स डेलला उतरायचं आणि बक्स्टनच्या छोट्या गाडीत बसायचं. गाडी बदलणाऱ्यांसाठीच एवढा पसारा! फलाटावर पोस्ट ऑफिससुद्धा होतं.

दुसरं कारण चुना. येताना ट्रेलला लागून उंच दगडी भिंती दिसल्या असतील, त्या चुनाभट्ट्या. १८८० च्या, १९४४ पर्यंत चालल्या. वाहतूक वाढत गेली, तेव्हा १९०५ मध्ये वाय नदीवर पहिल्या पुलाशेजारी दुसरा पूल बांधला. पहिला पूल अभियंता विल्यम बार्लो यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात वर बघून आपण थक्क होतो ना, ते छतही त्यांचंच.

बंद का पडलं? लोक १९६३ च्या बीचिंग अहवालाचं, म्हणजे तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करा म्हणणाऱ्या सरकारी अहवालाचं, नाव घेतात, पण मला मूळ त्याआधीचं वाटतं. लंडनहून मँचेस्टरला जायचे दोन मार्ग होते, एक हा आणि दुसरा लंडनच्या यूस्टन स्थानकातून निघणारा, आणि ते एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांचे. १९२३ मध्ये त्या कंपन्या एकत्र आल्या, १९४८ मध्ये सगळंच सरकारी झालं. मालक एक म्हटल्यावर दोन मार्ग पोसायचे कशाला? त्यात १९६६ मध्ये यूस्टनहून मँचेस्टरला विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि डोंगरातला मार्ग मागे पडला. ६ मार्च १९६७ ला मिलर्स डेल बंद झालं, पुढच्या वर्षी बेकवेलकडून येणारा हा मार्गच. एवढे बोगदे, एवढे पूल हातांनी उभे केलेले. मला अजून हळहळ वाटते.

*

काका,

भट्ट्या पाहिल्या! मुलांना तो किल्लाच वाटला. घरी येऊन तुमची मेल वाचून दाखवली, तर धाकटीने कागदावर पाच फलाट काढून एकावर पोस्टाची पेटी रंगवली.

पुन्हा जायचं ठरतंय, तेव्हा तुम्ही आणि काकू याच. गुडघ्यांची काळजी नको. रुळांचीच वाट असल्याने चढ अगदी हलका आहे, आणि २०११ पासून बोगदेही खुले असल्यामुळे दरीत उतरून पुन्हा वर चढावं लागत नाही. त्या दुसऱ्या पुलाखाली उभं राहून तुमच्याकडून उरलेलं ऐकायचंय.