उत्तरेच्या सावलीत ब्लीडिंग हार्ट लावायचंय, सोलापुरात जमेल का?

सावलीतली_बाग:
नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, घराच्या उत्तरेला कंपाउंडच्या भिंतीपर्यंत लांबट पट्टा मोकळा आहे आणि शेजारच्यांच्या कडुनिंबाची सावली पण तिकडंच पडते, त्यामुळं ऊन सकाळी थोडा वेळ येतंय तेवढंच. मनी प्लँट आणि स्नेक प्लँट सोडून तिथं काही टिकत नाही, गुलाब-शेवंतीचा तर प्रश्नच नाही. माझी बहीण कॅनडात असते, तिच्या अंगणात ब्लीडिंग हार्ट आहे, फोटो बघून मी वेडीच झाले, वाकलेल्या दांडीला ओळीनं गुलाबी बदाम लटकलेत आणि प्रत्येकाच्या खालून एक पांढरा थेंब बाहेर आलाय. ती जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येणार आहे, म्हणते मुळं बॅगेत घालून आणते. ऑनलाइन बी पण दिसतंय, निळ्या फुलांचं सुद्धा. माती आमची काळी, पाणी बोरचं. हे झाड सावलीतलंच आहे म्हणतात, मग आपल्याकडं यायला पाहिजे ना? कुणी लावलंय का सोलापुरात?

होटगीरोडकर:
ताई, ते निळं बी अजिबात घेऊ नका. या झाडात गुलाबी, पांढरा आणि लालसर एवढेच रंग असतात, निळा नसतोच, फोटोवर रंग चढवून विकतात. आणि खरं बी मिळालं तरी ते ताजं लागतं, ओलसर ठेवून बरेच आठवडे थंडीत काढल्याशिवाय उगवत नाही, उगवलं तर फूल दिसायला दोन-तीन वर्षं. पैसे पाण्यात.

निवृत्त_कृषीवाला:
ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे पण सावली आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सगळी गोम इथंच आहे. हे झाड मूळचं सायबेरिया, उत्तर चीन, कोरिया या भागातलं, १८४० च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून या झाडं गोळा करणाऱ्या ब्रिटिश माणसानं चीनमधून इंग्लंडला नेलं आणि तिथून ते युरोप-अमेरिकेच्या बागांत पसरलं, म्हणजे जिथं जिथं रुजलं तिथं हिवाळ्यात जमीन गारठते. त्या थंडीत वरचं सगळं झाड जातं, जमिनीखाली जाड ठिसूळ मुळं झोपून राहतात आणि ती थंडी पुरेशी मिळाली तरच वसंतात कोंब जोरात येतात, फुलं येतात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १५ अंशांच्या आसपास, दुपारी परत ३० च्या घरात. ही थंडी त्या मुळांच्या खिजगणतीत नाही. आणि उलटी बाजू बघा, तिकडंसुद्धा ऊन तापलं की ऐन उन्हाळ्यात त्याची पानं पिवळी पडून झाड जमिनीत गडप होतं, मग एप्रिल-मेला ४२-४३ अंशात ते काय करणार? सावलीत असलं तरी हवा तीच, झळा त्याच. वर आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, त्यात ती मुळं कुजतात.

काही हौशी लोक मुळं फ्रीजमध्ये दोनेक महिने ठेवून मग कुंडीत लावतात आणि थंडीच्या दिवसांत एकदा फूल बघतात, ते होऊ शकतं. पण उन्हाळा लागला की झाड संपलं, दरवर्षी नवीन मुळं आणायची. बारमाही झाड म्हणून आपल्याकडं ते नाही.

आपल्या माळरानावर काटेरी पिवळा धोत्रा उगवतो ना, तो आणि हे एकाच खसखशीच्या कुळातले. पण धोत्र्याला ऊन लागतं, याला सोसत नाही.

अक्कलकोटरोडची_माळीण:
काकांनी लिहिलंय ते बरोबरच आहे पण ताई नाराज होऊ नका, आपल्याकडच्या नर्सरीत ब्लीडिंग हार्ट म्हणून जो वेल मिळतो तो वेगळाच आहे, क्लेरोडेंड्रम, पश्चिम आफ्रिकेतला, उष्ण प्रदेशातलाच, आणि तो सोलापुरात मस्त येतोय. माझ्याकडं पूर्वेच्या भिंतीला आहे. पांढऱ्या कागदी कंदिलासारखा फुगीर भाग असतो आणि त्याच्या टोकातून लालभडक फूल बाहेर येतं, लाल फूल दोन-चार दिवसांत गळतं पण पांढरा भाग कितीतरी दिवस तसाच राहतो, हळूहळू जांभळट-गुलाबी होतो, त्यामुळं एकाच घोसात पांढरं, लाल, गुलाबी सगळं दिसतं. मला तर तुमच्या त्या बदामांपेक्षा हेच आवडतं, मनापासून सांगते.

फक्त एक, गडद सावलीत नुसती पानं वाढतात, फूल येत नाही. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन मिळेल अशी जागा बघा, तुमच्या पट्ट्याचं पूर्वेकडचं टोक चालेल असं वाटतंय. फूल नवीन फुटीवर येतं, म्हणून बहर गेला की किंवा फेब्रुवारीत बिनधास्त छाटायचा. थंडीत थोडी पानं गळतात तेव्हा घाबरून जास्त पाणी घालायचं नाही. एप्रिल-मेला गरम वाऱ्यानं पानांच्या कडा करपतात, तेवढे दिवस हिरवी शेडनेट बांधा आणि बुडाशी उसाचं पाचट पसरा, आपल्याकडं पाचटाला काय तोटा. काडी पावसाळ्यात लावली की लागते, दुसऱ्या वर्षी भिंत भरते.

सावलीतली_बाग:
अय्या, हा वेल मी सात रस्त्याजवळ एका बंगल्याच्या गेटवर बघितलाय, नाव माहीत नव्हतं! मग आता तीन गोष्टी विचारते. कडुनिंबाची मुळं पार आमच्या पट्ट्यात आलीत, जमिनीत लावू का कुंडीत? बोरच्या पाण्यानं मोगऱ्याची पानं पिवळी पडतात, याची पण पडतील का? आणि बहिणीला मुळं आणूच नको म्हणू का, एक सीझन तरी फूल बघावं असं फार वाटतंय. घरात कुत्रा आहे, तो कुंड्या उकरतो.

निवृत्त_कृषीवाला:
आणू नका म्हणा, स्पष्ट सांगतो. परदेशातून बी, मुळं, रोपं आणायची तर २००३ च्या प्लँट क्वारंटाइनच्या आदेशाप्रमाणं आयातीचा परवाना आणि तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला रोग-कीड नसल्याचा दाखला, लागतं, बॅगेत लपवून आणायची गोष्ट नाही ती. त्या मातीबरोबर एखादी बुरशी नाहीतर सूत्रकृमी आले तर आपल्या डाळिंब-द्राक्षवाल्यांनी काय करायचं? आणि कुत्रा असेल तर विषयच संपला, त्या झाडाच्या सगळ्या भागांत, मुळात सुद्धा, विषारी अल्कलॉइड असतात, उकरून चावलं तर उलट्या, थरथर असं काहीही होऊ शकतं. रसानं माणसाच्या कातडीला पण खाज सुटते.

वेल कुंडीतच लावा, १४-१६ इंची, कडुनिंबाच्या मुळांशी भांडायला लावू नका त्याला. पोयट्याची माती, जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत समान घ्या, काळी माती अजिबात नको. बुडाला छिद्रं मोठी ठेवा आणि कुंडी विटांवर, नाहीतर मुळं खालून जमिनीत जातात. पिवळ्या पानांचं म्हणाल तर नीट बघा, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. लोह मातीत असतं पण चुनखडीच्या पाण्यानं मुळांना उचलता येत नाही. साधं हिराकस (फेरस सल्फेट) तिथं लवकर वाया जातं, कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए चिलेटेड आयर्न मागा, म्हणजे अशा पाण्यातसुद्धा मुळांना उचलता येईल असं लोह, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत पाण्यातून द्या. पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच घातलंत तर फारच छान.

अक्कलकोटरोडची_माळीण:
आणि मिलीबगवर लक्ष ठेवा ताई, पानाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं आणि मुंग्यांची रांग लागली की समजायचं. सुरवातीलाच ओल्या फडक्यानं पुसून काढलं तर औषध लागत नाही, जास्त झालं तर कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा, उन्हात नको.

बाकीच्या पट्ट्यात जूनमध्ये तेरड्याचं बी टाकून द्या की, आपल्या मातीतलं फूल आहे, अर्ध्या सावलीत चालतं आणि गौरीपर्यंत भरून येतं. थोडं ऊन असेल तिथं अबोली. भिंतीच्या अगदी कडेला, जिथं ऊन पोचतच नाही, तिथं फर्न आणि कोलिअसच्या कुंड्या. वेलाची काडी माझ्याकडून न्या, पहिला मोठा पाऊस झाला की मेसेज करा, पेन्सिलएवढ्या जाडीच्या काढून ठेवते.