केमो घेऊन गावी परतणाऱ्यांचं काय?
कॅन्सरच्या रुग्णासाठी समुपदेशक असताना आध्यात्मिक आधार वेगळा कशाला, असं काही जण विचारतात. मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या सेवेची आधुनिक चळवळ उभी करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६० च्या दशकातच सांगितलं होतं की दुखणं शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचंही असतं. दवाखान्यात भरती असलेल्या रुग्णाजवळ निदान कुणी बसतं. नागपुरात केमो घेऊन एसटीने यवतमाळकडे निघालेली बाई मात्र तोंडाला रुमाल लावून शेजारणीला विचारते, "मी असं कोणतं पाप केलं व माय?" याला गोळी नाही.

आपल्याकडे विदर्भात गावोगाव तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. महाराजही १९६८ साली कॅन्सरनेच गेले. मंडळातल्या चार समंजस माणसांना हा आधार द्यायला शिकवा ना! प्रवचन नको, अंगारा नको, औषध सोडायला सांगणं तर मुळीच नको. घरी जाऊन ऐकायचं. बौद्ध घरी विहारातलं माणूस जावं.