डाइव्हमास्टर कोर्सला जुन्या डाइव्हचा पुरावा कसा द्यायचा?

प्रश्न — दर्याकाठ_पुणे

पुढच्या हंगामात अंदमानातल्या हॅवलॉकला पॅडी या स्कूबा प्रशिक्षण संस्थेचा डाइव्हमास्टर कोर्स (व्यावसायिक डाइव्हरची पहिली पायरी) करायचा विचार आहे. सुरुवातीला 40 नोंदवलेल्या डाइव्ह हव्यात, हे माहीत आहे. सगळं मिळून तेवढ्या होतात, पण पुरावा विस्कळीत आहे. कागदी लॉगबुकची काही पानं भिजून शाई पसरली आहे. मधल्या काळातल्या डाइव्ह फक्त मनगटावरच्या डाइव्ह कंप्युटरमध्ये आहेत, सहीशिवाय. काही कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाच्या आहेत, त्यांचे फक्त फोटो आहेत. सर्टिफिकेशनच्या आधी मालवणला आणि गोव्याला ग्रँड आयलंडजवळ ट्रायल डाइव्ह केल्या होत्या, त्या धरता येतात का? आणि सही नसलेली नोंद बाद होते का?

उत्तर — खोलपाणी

आधी काय तपासलं जातं ते बघू. संस्था किमान अटी ठरवते, पण तुमचा अनुभव पुरेसा आहे की नाही हा निर्णय कोर्स घेणाऱ्या इन्स्ट्रक्टरचा असतो. कोर्स सुरू करताना वय 18, रेस्क्यू डाइव्हरचं कार्ड, गेल्या 24 महिन्यांतलं प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण, 12 महिन्यांच्या आतलं डॉक्टरांच्या सहीचं मेडिकल आणि 40 डाइव्ह लागतात. कोर्स संपून प्रमाणपत्र मिळेपर्यंत 60 व्हाव्या लागतात. लोक डाइव्ह मोजत बसतात आणि मेडिकलवर अडकतात, त्यामुळे ते आधी करून घ्या.

कार्डांची काळजी नको. नाव आणि जन्मतारखेवरून केंद्राला ती ऑनलाइन पडताळता येतात. फक्त पासपोर्टवरचं नाव आणि कार्डावरचं नाव सारखं आहे ना, ते बघून ठेवा. मधलं नाव एकीकडे असलं आणि दुसरीकडे नसलं की शोध रिकामा येतो.

ट्रायल डाइव्ह मोजू नका. तिथे इन्स्ट्रक्टर तुमचा सिलिंडर धरून तुम्हाला फिरवतो. हवा, खोली, दिशा यांतलं काहीच तुमच्या हातात नसतं. त्यातून डाइव्हर म्हणून तुमचा अनुभव दिसत नाही, आणि त्या मोजल्या तर बाकीच्या वहीवरही शंका येते. ओपन वॉटर (पहिलं प्रमाणपत्र देणारा कोर्स) आणि पुढच्या कोर्समधल्या समुद्रातल्या डाइव्ह मात्र धरल्या जातात. पॅडीची प्रशिक्षण डाइव्ह म्हणजे बहुतांश वेळ 5 मीटर किंवा त्याहून खोल, आणि किमान 20 मिनिटं पाण्याखाली किंवा 1,400 लिटर हवेचा वापर. आपल्या नोंदींनाही हाच निकष लावा. स्विमिंग पूलमधला सराव यात येत नाही.

उत्तर — तळकोकण_टँक

सही नसली म्हणून नोंद आपोआप बाद होत नाही. बडीची (डाइव्हमधल्या जोडीदाराची) सही, केंद्राचा शिक्का, कंप्युटरचा प्रोफाइल (त्याने नोंदवलेली डाइव्हची माहिती) हे वेगवेगळे पुरावे आहेत आणि एकमेकांना आधार देतात. कंप्युटरचा प्रोफाइल तर सहीपेक्षा भक्कम. त्यात खोलीचा आलेख, वर येण्याचा वेग, सेफ्टी स्टॉप (वर येताना घेतलेला थांबा) सगळं दिसतं.

कंप्युटर लगेच रिकामा करून घ्या. मेमरी भरली की जुने प्रोफाइल पुसले जातात आणि एकूण डाइव्हचा आकडा तेवढा उरतो. केबल किंवा ब्लूटूथने सबसरफेस या डाइव्ह-लॉगच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवा. हे मोफत आहे आणि बहुतेक ब्रँडचे कंप्युटर त्याला जोडता येतात. बॅटरी बदलल्यावर घड्याळ मागे गेलेलं असेल तर तारखा चुकीच्या दिसतील. निवडक डाइव्हची वेळ एकत्र सरकवण्याची सोय त्यात आहे. पण मूळ फाइल तशीच वेगळी ठेवा आणि दुरुस्त केलेल्या नोंदीवर 'घड्याळ चुकलं होतं' असं लिहा. कंप्युटर भाड्याचा असेल तर बोटीवर परत आल्याबरोबर लॉगच्या पडद्याचा फोटो काढायची सवय लावा, कारण दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच्या मनगटावर असतो.

फोटोंचं काम थोडं कष्टाचं आहे. मूळ फाइलमध्ये तारीख-वेळ असते, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीत बहुधा नसते. म्हणून मूळ फोटो शोधा. त्यासोबत केंद्राची पावती, यूपीआयचा व्यवहार, मुरुडेश्वरचं रेल्वे तिकीट जोडा. मग केंद्राला तारखा कळवून विचारा. बोटीवर चढण्यापूर्वी तुम्ही भरलेला जबाबदारीचा फॉर्म त्यांच्याकडे असू शकतो. तिथल्या इन्स्ट्रक्टरने ईमेलवर एक ओळ लिहून दिली तरी पुरे.

भिजलेली पानं फेकू नका. स्कॅन करा आणि त्यांच्यासोबत नवीन पानावर वाचता येईल तेवढं उतरवा. वर ठळक लिहा: 'मूळ पान खराब, अमुक तारखेला पुन्हा लिहिलं.' आता कोणी सही देत असेल तर ती आजच्या तारखेची घ्या. मागची तारीख टाकून घेतलेली सही खोटीच असते. जे आठवत नाही तो रकाना रिकामा सोडा.

दर्याकाठ_पुणे

खूप मदत झाली. पुन्हा लिहिलेल्या नोंदींवर इन्स्ट्रक्टर कितपत विश्वास ठेवतात?

उत्तर — खोलपाणी

नोंदी आपसात जुळतात की नाही, यावर ते अवलंबून आहे. अनुभवी माणूस वही उघडून हवेचा हिशेब करतो. 11.1 लिटरचा अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर 200 बार दाबावरून 50 वर आला म्हणजे साधारण 1,665 लिटर हवा गेली. 45 मिनिटांनी भागली की मिनिटाला 37 लिटर. सरासरी खोली 12 मीटर, म्हणजे दाब 2.2 बार. म्हणून पृष्ठभागावरच्या हिशेबाने मिनिटाला सुमारे 17 लिटर. हे पटण्यासारखं आहे. त्याच वहीत सरासरी 25 मीटरवर त्याच सिलिंडरने एक तास काढल्याची नोंद असेल, तर हिशेब 8 लिटरच्या खाली जातो आणि लगेच प्रश्न येतो.

बाकीच्या खुणाही डोळ्यात भरतात. प्रत्येक डाइव्ह 18 मीटर, 40 मिनिटं. जुलैतली मालवणची डाइव्ह, जेव्हा पावसाळ्यामुळे तिथलं डायव्हिंग बंद असतं. मालवणला 30 मीटर दृश्यमानता. खऱ्या वहीत पट्ट्याला लावलेलं शिशाचं वजन एका डाइव्हला 6 किलो, पुढच्या ठिकाणी 4, कुठे मास्क गळला, कुठे प्रवाहामुळे डाइव्ह लवकर संपवली, असं काही ना काही असतं.

आणि शेवटी पाणी सगळं सांगतं. चांगलं केंद्र पहिल्याच दिवशी एक तपासणी डाइव्ह घेतं: तरंगण्यावर ताबा, हात न हलवता एका जागी स्थिर राहणं, मास्क काढून पुन्हा लावणं, कंपासवर जाऊन-येणं. कोर्समध्ये पुढे 400 मीटर पोहणं, मास्क-फिन-स्नॉर्कलने 800 मीटर, 15 मिनिटं तरंगणं (शेवटची 2 मिनिटं हात पाण्याबाहेर) आणि 100 मीटर निश्चल डाइव्हर ओढून नेणं हेही आहे. कागदावर 40 भरवून आलेल्याची इथे फरफट होते. नंतर याच माणसाच्या भरवशावर नवखे पाण्यात उतरणार असतात, म्हणून या बाबतीत कडक असलेला इन्स्ट्रक्टर मिळाला तर तो सोडू नका.

उत्तर — नायट्रॉक्स_नाशिक

पुढे टेक्निकल डायव्हिंगकडे (जास्त खोल, वेगळ्या वायूंवरच्या डाइव्हकडे) जायचं असेल तर आत्तापासून प्रत्येक नोंदीत वायूचं मिश्रण लिहा. त्यातल्या पॅडी टेक 40 या कोर्सला नुसत्या 30 डाइव्ह चालत नाहीत. त्यांतल्या किमान 10 नायट्रॉक्सवर (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेवर) आणि 18 मीटरपेक्षा खोल असाव्या लागतात. कंप्युटर 'एअर'वर ठेवून नायट्रॉक्स श्वासात घेतला असेल तर प्रोफाइलमधून ते सिद्ध होत नाही. सिलिंडरमधला ऑक्सिजन विश्लेषक यंत्राने तपासल्यावर केंद्राच्या नोंदवहीत सही करता ना, त्या ओळीचा फोटो काढून ठेवा: टक्केवारी, कमाल खोली, तारीख, सही, सगळं एकाच जागी मिळतं.

उत्तर — तळकोकण_टँक

एक राहिलं. हा सगळा संच एका पीडीएफमध्ये करून निघायच्या महिनाभर आधी केंद्राला पाठवा आणि 'यातल्या किती मान्य?' असं थेट विचारा. चार-पाच कमी पडल्या तर नेत्राणीला किंवा तिथेच कोर्सच्या आधी दोन दिवस साध्या डाइव्ह करा. शेवटची डाइव्ह होऊन वर्ष झालं असेल तर त्यातली पहिली उजळणीची असू द्या. आणि वही पेन्सिलीने लिहा, ओलाव्यात पसरत नाही. सही तेवढी पेनाने घ्या आणि त्याच दिवशी पानाचा फोटो काढा.