स्पेसरने 4 इंच उंची वाढवण्याबद्दल
पिकअपची उंची वाढवण्याच्या या चर्चेत वर दोघांनी स्पेसर (सस्पेन्शनमध्ये बसवायचे जाड ठोकळे) लावून गाडी 4 इंच उचलण्याचा स्वस्त मार्ग सुचवला आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांसारख्या पिकअपचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र (प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणारे) असल्यामुळे, गाडी साधारण 2 इंचांपेक्षा जास्त उचलली की सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढतो, त्याचे रबरी बूट लवकर फाटतात आणि वरचे कंट्रोल आर्म (चाकाला चासिसशी जोडणारे दांडे) बदलल्याशिवाय कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल, सहसा मर्यादेत येत नाही.

मागच्या पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) विषय मात्र कोणीच काढलेला नाही. पाटे हे हौद्यात (मागच्या सामानाच्या जागेत) कायम किती वजन राहणार यावर निवडायचे असतात. मी हौसेने 300 किलो कायम वजनासाठी बनवलेले कडक पाटे घेतले आणि हौदा बहुतेक वेळ रिकामाच राहिला; घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांत मागची बाजू इतकी आपटत असे की घरच्यांनी गाडीत बसणे सोडले. शेवटी हलके पाटे बसवले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध आहेत, हेही पाहून घ्यावे. शिवाय इमारतीत यांत्रिक पार्किंग असेल, तर उंची वाढवण्याच्या किटची ऑर्डर देण्यापूर्वी तिथली उंची स्वतः टेपने मोजावी.