‘मी वंशवादी नाही’ म्हणणारे गोरे आणि त्यांचे आपल्यातले वकील

वायंगणी:
कालच्या पोस्टखालीच लिहिणार होते, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: एका सदस्यांचं म्हणणं, अमेरिकेत इतकी वर्षं काढली, वंशवाद एकदाही दिसला नाही, गोरे मोकळ्या मनाचे आहेत, काळेच जुनं उगाळत बसतात. खाली अंगठ्यांची रांग.

मी मिनिआपोलिसला राहते. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गोऱ्या पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून त्याचा जीव घेतला, तो चौक माझ्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर. महिन्याभराने ऑफिसने ऑनलाइन बैठक ठेवली, ‘मनमोकळं बोलूया’ वगैरे. आमच्या टीममधली एकुलती एक काळी बाई तीनेक मिनिटं बोलली. सहा वर्षं झाली, ऑफिसच्या पार्किंगमधला वॉचमन अजून तिचं ओळखपत्र मागतो. बाकीच्यांना हात हलवून सोडतो. बस, एवढंच. आवाजही चढवला नाही.

तर एक गोरी बाई रडायला लागली. ‘मी आयुष्यात कधी कुणाचा रंग पाहिला नाही, मला फार अपराधी वाटतंय.’ चॅटमध्ये बदामांचा पाऊस, सगळे तिच्यासाठी. शेवटी ती काळी बाईच माइक चालू करून म्हणाली, ‘सॉरी, मला तुला दुखवायचं नव्हतं.’ मी घड्याळ पाहिलं, बारा मिनिटं गेली. पार्किंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

‘वंशवादी’ हा शब्द यांना आईवरून शिवी दिल्यासारखा लागतो. वॉचमनने काय केलं हे राहतं बाजूला, ‘मी चांगली की वाईट’ यावरच सगळी पंचाईत. त्याच बैठकीत दुसरा म्हणाला, आमच्या आजोबांनी शून्यातून घर उभं केलं. बाबा रे, १९४४ च्या कायद्याने सैनिकांना सरकारी हमीवर गृहकर्ज मिळालं, त्यातलं ते घर. काळे सैनिकही लढले होते, पण त्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून ठेवलेल्या, बँका दारात उभं करत नव्हत्या. याच मिनिआपोलिसात घराच्या खरेदीखतात लिहिलेलं असे, की काळ्याला विकायचं नाही. १९४८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टं असली अट राबवणार नाहीत, आणि घरांबाबतच्या भेदभावावर देशभर बंदी यायला १९६८ उजाडलं.

ओहायोवासी:
ती पोस्ट माझीच. ताई, रडली तर रडली. उलट बोलली असती तर उद्धट, गप्प बसली असती तर निगरगट्ट. बिचारीने करायचं काय ते तरी सांगा.

मी १९९९ ला दोन बॅगा घेऊन आलो. पहिल्या हिवाळ्यात शेजारचा गोरा म्हातारा न सांगता माझ्या दारातला बर्फ काढून जायचा. बायकोच्या बाळंतपणात रात्रभर हॉस्पिटलात बसला. त्याला मी वंशवादी म्हणू? अन्यायच मोजायचा तर ग्रीन कार्डाची रांग बघा. भारत असो की आइसलंड, दरवर्षीच्या मर्यादित कार्डांपैकी कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर नाही. माझा भाचा त्यात म्हातारा होणार. त्यावर काढा ना धागा.

लंडनची_लोकल:
ओहायोदादा, म्हातारा चांगला होता हे कुणी नाकारलं? प्रश्न पार्किंगचा आहे.

इकडचे गोरे रडत नाहीत, हवामानावर घसरतात. ७ जून २०२० ला ब्रिस्टलमध्ये लोकांनी कोल्स्टनचा पुतळा पाडून बंदरात ढकलला. माणूस गुलामांच्या व्यापारात गबर झालेला, आणि १८९५ साली उभारलेल्या पुतळ्याखाली काय, तर शहराचा सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र! दुसऱ्या दिवशी माझे सहकारी म्हणे, ‘इतिहास असा पुसू नये.’ त्यातल्या एकालाही आदल्या दिवसापर्यंत तो कोण होता हे ठाऊक नव्हतं.

सुकट_बोंबील:
थोडं अवांतर. न्यू जर्सीत अपार्टमेंटच्या मॅनेजरने मला पत्र दिलं, ‘स्वयंपाकाच्या वासाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार आहे’. रविवारी बोंबील भाजले होते. मी महिनाभर मनातल्या मनात अख्ख्या गोऱ्या जमातीचा उद्धार केला. मग कळलं, तक्रार करणारे खालच्या मजल्यावरचे आपलेच. महिन्यापूर्वी गणपतीच्या जेवणाला माझ्या शेजारी बसून मोदक खाल्ले होते.

जुनं_खोड:
बोंबील बंद घरात भाजायचे नसतात हो. भिजवून कांद्यावर परता, वास निम्मा.

सुकट_बोंबील:
@जुनं_खोड भिजवलेला बोंबील म्हणजे ओला पुठ्ठा. भाजायचाच असतो.

ओहायोवासी:
शाकाहारी माणसाला वास सहन होत नाही, साधी गोष्ट आहे. यात लगेच जात शोधू नका.

सुकट_बोंबील:
जात हा शब्द मी काढलाच नव्हता, दादा. तुम्ही काढलात. 😊 आता काढलाच आहे तर ऐका. पुण्यात शिकत असताना तीन घरमालकांनी आधी आडनाव विचारलं, मग ‘खोली कालच गेली’. चौथ्या ठिकाणी मित्राचं आडनाव सांगितलं, चहा मिळाला आणि किल्लीही.

ओहायोवासी:
आलं, ठरलेल्या वळणावर आलं. आमच्या घरात कुणी कधी कुणाची जात विचारली नाही. आजी गड्यालाही आमच्यासारखंच जेवायला वाढायची. उगाच आम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

सुकट_बोंबील:
सुरू झाली बघा बारा मिनिटं.

लंडनची_लोकल:
😂😂 आणि आजी वाढायची ती ओट्याजवळ की अंगणात?

ओहायोवासी:
वैयक्तिक जाऊ नका. माझी आजी इथे उत्तर द्यायला नाही.

पोटमाळा:
भांडा सावकाश, पण ही तुलना काही आजची नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली ती अर्पण कुणाला केली? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना दोन्ही प्रश्न एकाच जातकुळीचे वाटले. त्याउलट भगतसिंग थिंद, अमेरिकेत गेलेला पंजाबी शीख. १९२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टात नागरिकत्वासाठी त्याचा युक्तिवाद असा, की उच्च जातीचा आर्य आहे, म्हणजे मी गोराच. ‘रंगभेद चूक’ असं नव्हे, ‘मला तुमच्या बाजूला बसवा’. कोर्टाने एकमताने हाकललं.

ओहायोवासी:
शंभर वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलात?

पोटमाळा:
बरं, फेब्रुवारी २०२३. सिएटलने जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियातही विधेयक मंजूर झालं, गव्हर्नरने ऑक्टोबरमध्ये सही नाकारली. विरोधातल्या आपल्या लोकांचं पालुपद आठवतंय? ‘इथे जात नाहीच, कायदा केला तर आमच्या मुलांकडे संशयाने बघतील.’ यात ‘मी रंग पाहत नाही’ची चाल ऐकू येत नसेल तर कान तपासा.

ओहायोवासी:
संशयाने बघतील ही भीती मला खरीच वाटते, त्यावर मी ठाम आहे. ज्याने काही केलं नाही त्यालाही रांगेत उभं करायचं, हे पटत नाही. बाकी आजी. ठीक आहे, गड्याचं ताट वेगळं असायचं, कोनाड्यात ठेवलेलं. तेव्हा सगळीकडेच तसं होतं. आता घ्या, मिळवलंत.

जुनं_खोड:
कोनाड्यातलं ताट आमच्याकडेही होतं. जर्मनचं, काठ चेपलेला. तो माणूस जेवून स्वतःच विहिरीवर घासून परत ठेवायचा. आज आठवलं.

वायंगणी:
सोळा प्रतिसाद झाले. बोंबील, आजी, ग्रीन कार्ड, सगळं झालं.

ओहायोवासी:
बरं, त्या वॉचमनचं काय झालं शेवटी?

वायंगणी:
तो अजून आहे. तिने नोकरी बदलली.